चाचे नव्हे, सरखेल!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आमच्यासाठी पेपरच्या आदल्या रात्री उघडायचा विषय होता. त्यामुळे आपल्या अंकाच्या मराठी विभागासाठी लेख दे असं जेव्हा मला सांगण्यात आलं, तेव्हा माझ्या रूममेट्स आधी माझ्याकडे बघून पोट धरून हसल्या आणि मग मदतीला बसल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या. जे बरोबर आलं असेल ते त्यांचं.

पण हा लेख मराठीतच लिहायचा होता. का, ते सांगते.

मी सातवीत असताना शाळेच्या लायब्ररीत मला समुद्री चाच्यांवरचं एक रंगीत इंग्रजी पुस्तक सापडलं. डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर पोपट, कवटीचा झेंडा... सगळं होतं त्यात. त्या नामावळीत हिंदुस्थानचा म्हणून एक चाचा होता. त्याचं नाव अँग्रिया. मला कोण अभिमान वाटला! जगातल्या मोठमोठ्या चाच्यांमध्ये आपलाही एक माणूस! मी प्रोजेक्टसाठी मोठ्ठा चार्ट केला. मध्ये एका किल्ल्याचं चित्र काढलं आणि वर लाल स्केचपेनने इंग्रजीत लिहिलं, पायरेट अँग्रिया. बक्षीसही मिळालं.

मे महिन्यात तो चार्ट गुंडाळून मी गावी नेला. आमचं गाव गिर्ये, देवगड तालुका. विजयदुर्ग तिथून अगदी जवळ. आजोबांना इंग्रजी येत नाही. पण चित्रातला किल्ला त्यांनी लगेच ओळखला. पुस्तकात घेरिया लिहिलेला किल्ला म्हणजे आपला विजयदुर्ग, हे मला त्या दिवशी कळलं. आजोबा खूश झाले. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, वर लाल अक्षरात काय लिहिलंय? मी मोठ्या तोऱ्यात भाषांतर करून सांगितलं, की समुद्रावर दरोडे घालणारा अँग्रिया नावाचा चोर.

आजोबा काही बोलले नाहीत. चार्ट नीट गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि गुरांना पाणी दाखवायला उठून गेले. त्यांचं काय बिनसलं ते मला कळलं नाही. रात्री आजीने सांगितलं, की अँग्रिया म्हणजे आपले कान्होजी आंग्रे. ते चोर नव्हते, ते सरखेल होते.

सरखेल म्हणजे काय हे विचारायची मला त्या रात्री लाज वाटली. ते समजून घ्यायला पुढची सात-आठ वर्षं गेली. ॲडमिशनच्या राउंडमध्ये नशिबाने मला सिंधुदुर्गातलंच हे कॉलेज मिळालं. गेल्या सेमिस्टरला सबमिशन संपल्यावर आम्ही पाच जणी एसटीने तळेऱ्यावरून विजयदुर्गला गेलो. तटावर बसून मैत्रिणींना मी जी गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, ती इथे नीट लिहून काढते आहे.

सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख. आजच्या भाषेत ॲडमिरल म्हणा. आणि हे पद कान्होजींना सहजासहजी मिळालेलं नव्हतं.

त्यांचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून घराण्याला आंग्रे हे नाव पडलं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. म्हणजे हा मुलगा तोफांचे आवाज आणि लाटांचे आवाज ऐकतच मोठा झाला. ज्या वयात आपण कुठली ब्रँच घ्यावी म्हणून घोळ घालत असतो, त्या वयात तो किल्ल्यावर पहारे देत होता.

पुढे मोगल आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांनी कोकणात धुमाकूळ घातला. सुवर्णदुर्गाला वेढा पडला. किल्लेदार अचलोजी मोहिते शत्रूला फितूर झाला आणि किल्ला त्यांच्या हवाली करायला निघाला. कान्होजींना हे कळताच त्यांनी किल्ल्यावरच्या लोकांना हाताशी धरलं, किल्लेदाराला कैद केलं आणि किल्ला स्वतः लढवला. एका हल्ल्यात ते शत्रूच्या हाती सापडले, पण निसटले आणि समुद्र पोहून पुन्हा किल्ल्यावर आले असं सांगतात. ही पोहण्याची गोष्ट कुणाला दंतकथा वाटेल. पण किल्ला वाचला ही काही दंतकथा नाही.

आता तो काळ कसा होता ते बघा. १६८९ साली संभाजी महाराजांना औरंगजेबाने ठार मारलं. त्याच वर्षी राजधानी रायगड पडली. राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीला जावं लागलं. राजा हजार किलोमीटर लांब, खजिना रिकामा आणि समोर अख्खी मोगल फौज. अशा वेळी कोकण किनारा सांभाळायचा कुणी? आरमाराचे सरखेल सिधोजी गुजर होते, त्यांच्या हाताखाली कान्होजी काम करत होते. १६९८ मध्ये सिधोजी वारले आणि सरखेलपद कान्होजींकडे आलं. वय साधारण एकोणतीस.

पद मिळालं खरं, पण त्याच्याबरोबर पगारपत्रक आलं नाही. आरमार पोसायचं ते स्वतः. लाकूड, दोरखंड, शिडाचं कापड, दारूगोळा, माणसांचं धान्य... सगळ्याची सोय स्वतः करायची. गेलेले किल्ले स्वतः परत घ्यायचे. त्यांनी ते केलं. अलिबागचा कुलाबा किल्ला हे त्यांचं मुख्य ठाणं झालं आणि दक्षिणेला आपला विजयदुर्ग. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, कोकणी मुसलमान असे किनाऱ्यावरचे सगळे दर्यावर्दी त्यांच्या गलबतांवर होते. डच, पोर्तुगीज असे परदेशी जाणकारही त्यांनी पगार देऊन ठेवले. ज्याला काम येतं तो आपला, असा सरळ हिशेब.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठ्यांच्यात दोन तट पडले. ताराबाई एका बाजूला, शाहू दुसऱ्या बाजूला. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. शाहूंनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच पकडून लोहगडावर कैदेत ठेवलं! आता सातारा फार लांब नव्हतं. त्या वेळी शाहूंनी बाळाजी विश्वनाथ यांना पुढे केलं. १७१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना पेशवाई दिली आणि कान्होजींकडे पाठवलं. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे, कोकणातलेच. कान्होजींना ते ओळखत होते. त्यांनी लढाईऐवजी बोलणी केली. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, पेशवे सुटले आणि बदल्यात कान्होजींकडे दहा किल्ले, सोळा लहान ठाणी आणि सरखेलपद कायम झालं.

हॉस्टेलवर हे सांगितल्यावर एकीने लगेच विचारलं, मग हा पक्षबदल नाही का? प्रश्न बरोबर आहे. मला असं वाटतं, की त्यांना एक गोष्ट दिसत होती. घरातली भांडणं चालू राहिली तर समुद्र जाणार, आणि एकदा समुद्र गेला की तो परत मिळत नाही. माझं हे वाटणं चुकीचंही असेल. पण पुढे काय झालं ते वाचलंत की तुम्हीच ठरवा.

आता थोडं आपल्या अभ्यासाचं बोलू. मी मेकॅनिकलची. त्यामुळे मला लढायांपेक्षा जहाजांचं जास्त कुतूहल. कान्होजींच्या आरमारात मुख्य दोन प्रकारची जहाजं होती, गुरब आणि गलबत. गुरब मोठी, दीडशे ते तीनशे टनांपर्यंत. दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढचं टोक लांब आणि निमुळतं, आणि तिथेच समोर मारा करणाऱ्या जड तोफा. गलबत लहान, साधारण सत्तर टनांपर्यंत. तोफा हलक्या, पण शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ही. दोघांचा तळ उथळ.

इंग्रजांची जहाजं याच्यापेक्षा मोठी, भक्कम आणि तोफाही जास्त. मग आपली टिकायची कशी? उत्तर डिझाइनमध्ये आहे. त्यांच्या बहुतेक तोफा जहाजाच्या दोन्ही कुशींना. मागची बाजू कमजोर. आणि ती जहाजं पूर्णपणे वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी लाकडाच्या ओंडक्यासारखं तरंगत राहायचं. नेमक्या त्याच वेळी आपली गलबतं वल्ही मारत यायची, गुरबांना दोरांनी ओढून शत्रूच्या पिछाडीला आणून ठेवायची. गुरबांच्या पुढच्या तोफा त्याच्या शिडांवर आणि डोलकाठ्यांवर मारा करायच्या. जहाज लंगडं झालं की गलबतांमधून शेकडो माणसं त्याच्यावर चढायची. आणि डाव अंगावर आलाच तर? तर सरळ खाडीत शिरायचं! उथळ तळाची आपली जहाजं वाघोटण खाडीत आत आत जायची आणि खोल पाणी लागणारी त्यांची जहाजं बाहेर बघत बसायची.

गिर्ये गावाच्या अंगाला खाडीकाठी खडकात खोदलेली आंग्र्यांच्या काळातली गोदी अजून आहे. लहानपणी आम्ही तिथे जाऊन कालवं शोधायचो. आपण एका नेव्हल डॉकयार्डमध्ये खेळतोय हे कुणाला माहीत होतं?

आता मुख्य मुद्द्यावर येते. चाचा की सरखेल?

भांडण होतं ते दस्तकाचं. दस्तक म्हणजे परवाना. कोकण किनाऱ्यावरून माल नेणाऱ्या जहाजांनी कान्होजींकडून दस्तक घ्यायचं, त्याचे पैसे भरायचे. दस्तक असेल त्याला वाट मोकळी, नसेल ते जहाज जप्त. हा नियम कान्होजींनी शोधून काढला होता का? मुळीच नाही. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं आधीपासून कार्ताझ नावाचे परवाने आपल्याच समुद्रात आपल्याच व्यापाऱ्यांना विकले होते. इंग्रज कंपनीही स्वतःचे परवाने देत होती. म्हणजे परवाना चालत होता, पैसे चालत होते, जप्तीही चालत होती. फक्त शिक्का मराठ्यांचा असला की ती चाचेगिरी!

शिवाय यात एक गोम होती. कित्येक देशी व्यापारी आपला माल इंग्रजी झेंड्याखाली पाठवायचे, म्हणजे दस्तक घ्यायला नको. कान्होजींचं म्हणणं, की कंपनीचा माल असेल तर ठीक, पण झेंडा लावला म्हणून कुणाचाही माल कंपनीचा होत नाही. इंग्रजांचं म्हणणं, की झेंडा आमचा तर जहाज आमचं. आपल्या होस्टेलमध्ये एकाच्या आयकार्डवर चौघे मेसमध्ये जेवले तर मेसवाले काका काय म्हणतील? तेच कान्होजी म्हणत होते. फक्त त्यांच्या हातात पळी नव्हती, तोफ होती.

याचा अर्थ सगळं गोडीगुलाबीने चालायचं असं नाही. १७१२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची स्वतःची सशस्त्र नौका कान्होजींच्या आरमाराने पकडली. तिच्यावर कारवारच्या वखारीवर निघालेला चाऊन नावाचा अधिकारी होता. तो लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण बायको कैदी झाली. तीस हजार रुपये घेऊन १७१३ च्या फेब्रुवारीत तिला सोडण्यात आलं. तिच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं तर अंगावर काटा येतो. नवरा डोळ्यांदेखत गेलेला आणि आपण परक्या किल्ल्यात. हा भाग गाळून लेख लिहिणं सोपं होतं. पण चार्टवर मी अर्धीच गोष्ट लिहिली होती, आता दुसऱ्या बाजूने तेच करायचं नाही. ते युद्धाचे दिवस होते आणि त्या काळी सगळ्याच सत्ता कैद्यांसाठी पैसे घेत होत्या, एवढंच मी म्हणू शकते.

१७१५ च्या डिसेंबरमध्ये चार्ल्स बून हा गव्हर्नर म्हणून मुंबईत आला. आंग्र्यांना संपवायचं हा जणू त्याचा फायनल इयर प्रोजेक्टच होता! त्याने नवी जहाजं बांधायला घेतली आणि १७१७ मध्ये पहिला घाला विजयदुर्गावर घातला. फसला. १७१८ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर हल्ला केला. तोही फसला.

मग बूनने एक भारी कल्पना काढली. एक तरंगता तोफखाना बांधायचा! त्याचं नाव फ्रॅम. सपाट तळ, म्हणजे उथळ पाण्यात किल्ल्याच्या अगदी जवळ नेता येईल. जाड लाकडी भिंती, म्हणजे गोळे लागले तरी फुटणार नाही. आणि वर प्रचंड तोफा. कागदावर एकदम परफेक्ट. १७२० मध्ये तो विजयदुर्गासमोर आणला, तोफा डागल्या... आणि गोळे तटापर्यंत पोचेचनात! तोफांसाठी ठेवलेली भोकंच इतकी खाली होती, की तोफांची तोंडं हवी तेवढी वर उचलता येईनात. ऐन लढाईत सुतारांना बोलावून फेरफार करावे लागले. तोवर वेळ निघून गेली होती. ही मोहीमही हात हलवत परत गेली.

विजयदुर्गच्या बुरुजावर उभं राहून मी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्याजणी खूप हसलो. हसण्याचं कारण तुम्हाला कळलंच असेल. ड्रॉइंग शीटवर चकाचक दिसणारं आणि वर्कशॉपमध्ये न बसणारं जॉब आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेलं आहे. ट्रायल न घेता सबमिशनला गेलं की असंच होतं!

पण बुरुजावरून खाली पाहिलं की हसू थांबतं. तिन्ही बाजूंना पाणी, एकामागे एक तीन तट, खाडीचं अरुंद तोंड. मूळ किल्ला शिलाहार राजा भोज याच्या काळचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. शिवाजी महाराजांनी तो घेऊन वाढवला आणि विजयदुर्ग नाव दिलं. महाराजांनी जे बांधलं ते कान्होजींनी वापरून दाखवलं.

यानंतर आली सगळ्यात मोठी परीक्षा. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली जहाजं घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला होता. गोव्याचा व्हाइसरॉय जातीने हजर होता. दोघांची मिळून सहा हजारांच्या आसपास फौज. ठिकाण, कान्होजींचं घर, कुलाबा. दोन युरोपी सत्ता एका कोकणी सरखेलाविरुद्ध!

कान्होजींनी शाहू महाराजांकडे मदत मागितली, आणि बाळाजी विश्वनाथांशी झालेला तह इथे कामाला आला. नवे पेशवे बाजीराव घोडदळ घेऊन कोकणात उतरले. किल्ल्यातून कान्होजींच्या तोफा आणि बाहेरून मराठ्यांचे घोडे. हल्ला पार मोडला. खुद्द मॅथ्यूजला एका मराठा स्वाराचा भाला मांडीत लागला. रागाच्या भरात तो त्याच्यामागे घोडा फेकत गेला, पिस्तूल रोखलं आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पिस्तुलं भरायलाच आपण विसरलो! मग पोर्तुगीजांनी परस्पर बाजीरावांशी बोलणी केली, १७२२ च्या जानेवारीत तह केला आणि इंग्रज एकमेकांना दोष देत मुंबईला परतले.

१७२४ मध्ये डचांनीही सात जहाजं आणून विजयदुर्गावर नशीब आजमावलं. तेही परत गेले. कान्होजींच्या हयातीत इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या तिघांपैकी एकालाही त्यांच्याकडून विजयदुर्ग, खांदेरी किंवा कुलाबा घेता आला नाही. १७२९ मध्ये, वयाच्या साठीच्या आसपास, ते वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. समुद्रावर तीस वर्षं लढलेला माणूस आपल्या घरी, आपल्या माणसांत गेला.

गोष्ट इथे संपवली असती तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी विजयदुर्गाहून परतताना मी सगळ्यांना गिर्येच्या रामेश्वर मंदिरात नेलं. खडक फोडून केलेल्या वाटेने आपण खाली उतरतो. तिथे संभाजी आंग्रे यांची समाधी आहे. संभाजी हे कान्होजींचे पुत्र. ती समाधी बघितल्यावर पुढचं सांगणं भागच पडलं.

कान्होजींनंतर थोरले सेखोजी सरखेल झाले, पण १७३३ मध्येच ते गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत भांडण लागलं. १७३५ मध्ये पेशव्यांनी वाटणी करून दिली. संभाजींकडे विजयदुर्ग आणि सरखेलपद, मानाजींकडे कुलाबा. एका आरमाराची दोन आरमारं झाली. संभाजींनंतर तुळाजी आले. तुळाजी समुद्रावर वडिलांसारखेच जबरदस्त, पण पेशव्यांशी त्यांचं हाडवैर. आणि १७५५ मध्ये नको ते घडलं. पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांशी करार केला.

त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला, जिथून कान्होजींची गोष्ट सुरू झाली होती तोच. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. हा तोच क्लाइव्ह, ज्याने पुढच्या वर्षी प्लासी जिंकली. इंग्रजांचा एक गोळा आंग्र्यांनी पूर्वी पकडून आणलेल्या एका जहाजावर पडला. त्याने पेट घेतला. आग एका गलबतावरून दुसऱ्यावर गेली आणि दाटीने बांधून ठेवलेलं सगळं आरमार खाडीच्या तोंडाशी जळून गेलं. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिले.

१७२१ मध्ये कुलाबा वाचवायला पेशव्यांचे घोडे धावले होते. १७५५ मध्ये पेशवे समोरच्या बाजूला होते. मधली वर्षं फक्त चौतीस. किल्ला तोच, खाडी तीच, जहाजांचं डिझाइनही तेच. बदललं ते एकच, आपसातलं नातं. म्हणून मघाशी म्हटलं, बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या त्या तहाला नुसता पक्षबदल म्हणताना थोडं थांबायला हवं. पेशव्याला पकडून ठेवलेला माणूस पेशव्याशी तह करतो, तेव्हा तो स्वतःचा थोडा अहंकारही सोडत असतो. नंतरच्या पिढीला तेवढं जमलं नाही. दोष कुणाचा किती, ते इतिहासाच्या अभ्यासकांनी ठरवावं. जळालं ते मात्र सगळ्यांचंच.

आता त्या लाल अक्षरांकडे परत येते. चाचा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो हिंदीतला काकाच वाटला होता! गंमत सोडा, पण शब्द कोण लिहितो याला फार महत्त्व आहे. आपलं आरमार जळालं, कागद त्यांचे राहिले. त्यांच्या कागदांत आंग्र्यांचा अँग्रिया झाला, विजयदुर्गाचा घेरिया झाला आणि सरखेलाचा पायरेट झाला. तेच कागद वाचून पुस्तकं झाली, तीच पुस्तकं माझ्या लायब्ररीत आली आणि मी स्केचपेनने तेच लिहिलं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मी तर बक्षीस मिळवलं होतं! याचंच मला आज जास्त वाईट वाटतं.

चाच्याला राजा नसतो. कान्होजींना राजा होता, पद होतं, किल्ले होते, परवान्याचा नियम होता, तह होते. ते कठोर होते, पैसा वसूल करणारे होते, वेळ आली तेव्हा आपल्या माणसांशीही लढले. पण आपल्या किनाऱ्यासमोरून जायचं तर आपल्याला विचारून जा, हे म्हणणं चोराचं नसतं, घरमालकाचं असतं.

आणि काळाचा न्याय बघा. मुंबईच्या ज्या जुन्या कॅसलमधून कंपनीचा कारभार चालायचा, तो आज भारतीय नौदलाच्या तळामध्ये आहे. १९५१ मध्ये त्या तळाला नाव दिलं गेलं, आयएनएस आंग्रे. खांदेरीच्या दीपगृहालाही कान्होजींचंच नाव आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सुवर्णदुर्ग आहे, खांदेरी आहे, विजयदुर्ग आहे आणि मालवणचा आपला सिंधुदुर्गही आहे. वीकेंडला मालवणला फिरायला जाणाऱ्यांनी एकदा उलट्या दिशेची एसटी पकडून विजयदुर्गलाही जाऊन यावं. तटावर बसावं. पण पाण्याच्या बाटल्या परत आणाव्यात, एवढी विनंती!

आजोबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. तो चार्ट त्यांनी इतकी वर्षं माळ्यावर जपून ठेवला होता, का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मागच्या खेपेला मी तो खाली काढला. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण किल्ला शाबूत आहे. वरचं लाल अक्षर खोडून मी मराठीत लिहिलं, सरखेल कान्होजी आंग्रे, विजयदुर्ग. लिहिताना खेल मधला ख नीट जमला नाही, रव सारखा दिसतो.

अंक छापून आला की गिर्येला जाऊन हा लेख त्यांना वाचून दाखवणार आहे. या वेळी भाषांतर करावं लागणार नाही.